एका मित्राचा फोन

झटपट मिस्त्रीला या व्यवहारात मिळणार होती दिवसाला चाळीस मिनिटं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर दोनशे चाळीस मिनिटं, म्हणजे चार तास. सापडला तर जाणार होती नोकरी. आणि नोकरी वाचलीच तर मुकादमी तरी नक्की जाणार होती. महिनाअखेरीला ती त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. तो स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढत नसे, फक्त दाढी करताना आरशात मुकादमासारखा चेहरा करून बघत असे. एका पारड्यात चार तास, दुसऱ्यात अठरा वर्षांची नोकरी. शहाण्या माणसाने हा तराजू हातातसुद्धा धरला नसता. पण त्या चाळीस मिनिटांत काय होतं ते कळलं, तर शहाणा माणूसही जरा घुटमळला असता.

त्या चाळीस मिनिटांत बायको होती.

झटपट हा लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री. बायको हॉस्पिटलात नर्स, कायम रात्रपाळीची. हा सकाळी साडेसातला बाहेर पडायचा, ती साडेआठला घरी यायची. ती संध्याकाळी आठला निघायची, हा साडेआठला कुलूप उघडायचा. साप्ताहिक सुट्टीही दोघांच्या वेगवेगळ्या दिवशी. चौदा वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांना जास्त पाहिलं ते झोपलेल्या अवस्थेत. जागेपणी भेट व्हायची ती दुपारी दोन ते दोन चाळीस. ती दीडला उठायची, चहाचं आधण ठेवायची, आणि दोनच्या ठोक्याला याची स्कूटर खाली थांबायची.

हा वेळ त्याने कुणाचा चोरला नव्हता, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. एका लिफ्टच्या देखभालीला कंपनीने एक तास ठरवून दिला होता. झटपट तेच काम चाळीस मिनिटांत करायचा आणि चोख करायचा. त्याच्या हातची लिफ्ट मध्येच अडकली असं अठरा वर्षांत दोनदा घडलं, त्यातल्या एकदा वीज गेली होती. दुपारपर्यंत तीन लिफ्ट उरकल्या की वीस-वीस मिनिटांनी तासभर हातात उरायचा. दहा मिनिटं जायला, दहा यायला, मधली चाळीस घरी. टोपणनावही त्याला यावरूनच पडलेलं. कागदी वहीवर इमारतीच्या रखवालदाराची सही घ्यायची, एवढीच हजेरी होती तोवर कुणाचं काही अडलं नाही.

मग तीन महिन्यांपूर्वी कंपनीने दहाही मिस्त्रींना एकेक स्मार्टफोन दिला. सिम कंपनीचं, फोन कंपनीचा, आणि आत हजेरीचं अॅप. लिफ्टपाशी पोचलात की बटण दाबायचं, तिथून एक तास हलायचं नाही. हललात की ऑफिसात हजेरी बघणाऱ्या बाईंच्या, म्हणजे हजेरीबाईंच्या, पडद्यावर तुमच्या नावापुढे लाल ठिपका. जेवणाची अर्धा तास सुट्टीसुद्धा इमारतीच्या आवारातच घ्यायची.

बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नाही. "सध्या दुपारी काम जास्त आहे," म्हणाला. ती "बरं" म्हणाली आणि अडीच महिने एकटीने चहा प्यायली. दोन कप मांडायची सवय मात्र तिची सुटली नाही. तो धुतलेला, कोरडा, दुसरा कप झटपट रोज रात्री ओट्यावरून उचलून फळीवर ठेवायचा.

सरळ हजेरीबाईंकडे जाऊन "बाई, दुपारी चाळीस मिनिटं घरी जाऊ का?" असं विचारता आलं असतं. पण सरळ विचारणं हे झटपटच्या स्वभावातच नव्हतं. तो डॉक्टरकडे स्वतःची पाठ दाखवायला गेला तरी "आमच्या एका मित्राची पाठ दुखते" अशी सुरुवात करायचा.

तेव्हा एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो मेव्हण्याकडे गेला. बायकोच्या या धाकट्या भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काउंटर, एक भिंग लावलेला दिवा, आणि उघडून ठेवलेल्या फोनांचे दहा-बारा डबे.

"आमच्या एका मित्राला," झटपट म्हणाला, "त्याचा फोन एकीकडे आणि तो दुसरीकडे असं हवंय. म्हणजे फोन त्याच्या खिशातच, पण फोनला वाटलं पाहिजे की आपण दुसरीकडे आहोत."

मेव्हण्याने भिंगातून वर बघितलं. "मित्राचा फोन दाजी तुमच्याच खिशात कसा?"

"तो कामात असतो."

"रूट करावा लागेल. म्हणजे फोनची आतली कुलपं काढायची. मग तुम्ही म्हणाल तो पत्ता तो सांगेल. पण फोन कंपनीचा दिसतोय. उद्या बोंब झाली तर माझं नाव..."

"माझं तरी कुठे येतंय? मित्राचं काम."

"दीड तास लागेल. ठेवून जा."

"मधे ऑफिसचा कॉल आला तर?"

"कॉल चुकणार नाही. ते माझ्यावर सोडा," मेव्हणा म्हणाला. झटपटने ते त्याच्यावर सोडलं आणि पुन्हा त्याचा विचार केला नाही. इथे त्याने विचार केला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

त्यानंतरचे कामाचे बारा दिवस सोन्यासारखे गेले. फोन म्हणायचा, मी विमा कंपनीच्या नऊ मजली इमारतीत आहे. प्रत्यक्षात तो झटपटच्या घरी, चहाच्या कपाशेजारी पालथा पडलेला असायचा. पहिल्या दिवशी बायकोने दार उघडलं आणि आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"काम कमी झालं वाटतं?"

"ऑफिसने सुट्टी वाढवली दुपारची."

"देव भलं करो त्यांचं," ती म्हणाली आणि दुसरा कप भरला. आदल्या रात्रीच्या वॉर्डातल्या गमती सांगितल्या. कुठला पेशंट कुणाच्या नावाने बरळला, कुठल्या डॉक्टरने उलटा मास्क लावला. झटपट हसला. अडीच महिन्यांची थकबाकी होती, दोघांनी ती व्याजासकट वसूल केली.

तेराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, तो विमा कंपनीच्या गच्चीवर लिफ्टच्या मोटारखोलीत हातभर वंगणात असताना फोन वाजला. मोबाइल कंपनीचा संदेश. त्यांचे संदेश स्वतःच्या सवडीने येतात, पण आल्यावर फार तातडीचे वाटतात.

'प्रिय ग्राहक, आपले सिम नवीन हँडसेटमध्ये वापरले जात असल्याचे आढळले आहे. योग्य सेटिंग्ज लवकरच पाठवल्या जातील. हा बदल आपण केला नसल्यास आमच्या जवळच्या दालनाशी संपर्क साधा.'

झटपटने संदेश तीनदा वाचला. मग फोन उलटासुलटा करून बघितला. कोपऱ्यावरचा तडा तोच. पाठीवरचा कंपनीचा स्टिकर तोच, त्यावर हजेरीबाईंच्या अक्षरात लिहिलेला सात नंबरही तोच. हँडसेट जुनाच होता. नवीन होतं ते फक्त आतलं. आणि आतलं नवीन झालंय हे मोबाइल कंपनीला आढळलं होतं!

 लिफ्टच्या मोटारीला त्याने चुकून दोनदा वंगण दिलं.

आता कुणाला विचारावं? झटपटच्याच कंपनीत एक मिस्त्री होता. त्याला सगळे सर्वज्ञ म्हणायचे, कारण त्याला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर यायचंच. ते बरोबर असलं पाहिजे अशी त्याची अट नसायची.

"आमचा एक मित्र आहे," झटपट म्हणाला. "त्याने फोनमध्ये जरा फेरफार केले. मोबाइल कंपनीला ते कळतं का?"

सर्वज्ञने आजूबाजूला बघितलं, मग झटपटच्या खिशातल्या फोनकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "अरे, त्यांना सगळं दिसतं. तू कुठलं अॅप टाकलंस, कधी उघडलंस, उघडून हसलास का रडलास, सगळं. टॉवर कशाला बांधलेत एवढे उंच?"

"उंच असले म्हणून आतलं दिसतं?"

"वरून सगळं दिसतं. तू लिफ्टवाला ना? तुला हे मी सांगायचं?"

झटपटला हे पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. संध्याकाळी तो मेव्हण्याकडे गेला. संदेश दाखवला असता तर काम झालं असतं. पण संदेश दाखवायचा म्हणजे आपण घाबरलोय हे दाखवायचं, आणि तेही बायकोच्या भावाला.

"मित्र विचारत होता," तो म्हणाला, "मोबाइल कंपनीला आतलं कळतं का?"

"छे. त्यांना काय करायचंय?"

"पण कळू शकतं का?"

मेव्हण्याने टाचणीएवढा स्क्रू चिमट्यात धरला होता. "तसं म्हटलं तर दाजी, कोण काय बघतं कुणाला माहीत. माझं नाव मात्र कुठे यायला नको."

म्हणजे कळत नव्हतं, पण कळूही शकत होतं. झटपट घरी आला तेव्हा त्याच्याकडे दोन उत्तरं होती, आणि दोन्ही मिळून एकाहून कमी होती.

पुढच्या तीन दुपारी वाया गेल्या. चाळीस मिनिटं तीच, चहा तोच, पण झटपट खुर्चीच्या काठावर. पहिल्या दिवशी त्याने फोन बंद करून बघितला. मग वाटलं, बंद दिसला तर जास्त संशय येईल, म्हणून चालू केला. दुसऱ्या दिवशी त्याने तो स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं.

"डब्यात काय ठेवलंत?" बायकोने विचारलं.

"फोन."

"का?"

"आवाज येतो त्याचा."

"तो तर गप्पच आहे."

"तेच तर," झटपट म्हणाला. तिने डब्याचं झाकण उघडून बघितलं आणि पुन्हा लावलं.

तिसऱ्या दिवशी ती वॉर्डातलं काहीतरी सांगत होती आणि झटपटने ओठांवर बोट ठेवून डब्याकडे खूण केली. ती मध्येच थांबली. तिने आधी डब्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. नर्स कपाळावर हात ठेवून ताप बघते तसा तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"अहो, काही झालंय का?"

"एका मित्राला," झटपटने सुरुवात केली, आणि पुढे न बोलता चहा संपवला. चहा त्याला कडू लागला. साखर घालायची राहिली होती हे तिच्या नंतर लक्षात आलं. साखर घालायचं काम त्याच्याकडे असायचं.

शुक्रवारी त्याने ठरवलं, आता लागायचा तो निकाल लागू दे. घरी न जाता दुपारी दोनला तो थेट मोबाइल कंपनीच्या दालनात शिरला. त्या दिवशीच्या चाळीस मिनिटांचा हा पहिला खर्च. दारात यंत्राने टोकन दिलं, अठ्ठावन्न नंबर. दोन वाजून दहा मिनिटांनी त्याचा नंबर पुकारला.

काउंटरवर एक मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, समोर पडदा, आणि चेहऱ्यावर अठ्ठावन्नावं स्मित.

"बोला सर."

"आमचा एक मित्र आहे..."

"नंबर सांगा मित्राचा."

इथे झटपट अडकला. घाईघाईत खोटा नंबर सुचेना. तोंडपाठ असलेला एकच नंबर होता, तो त्याने सांगितला.

तिने टाइप केला. "काय अडचण आहे?"

"त्याने फोन रूट केलाय. तुम्हाला ते कळतं का? आणि आत कुठली अॅप्स आहेत ते दिसतं का तुम्हाला?"

"नाही," मुलगी म्हणाली.

झटपट थांबला. इतक्या लहान उत्तराची त्याची तयारी नव्हती. "नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. आम्हाला दिसतं सिम कुठलं, ते कुठल्या हँडसेटमध्ये आहे, हँडसेटचं मॉडेल काय, कुठल्या टॉवरवर आहे, किती डेटा वापरला. फोन कुठल्या वेबसाइटशी, कुठल्या सर्व्हरशी बोलतोय ते थोडंफार कळतं, त्यावरून कुठलं अॅप असेल याचा अंदाज बांधता येतो. पण फोनच्या आत डोकावता येत नाही. आतली कुलपं काढली की लावली, अॅप्सची यादी काय, ते इथून दिसत नाही. हां, फोनमध्येच कुणी तसं लक्ष ठेवणारं अॅप बसवलं असेल तर ते अॅप बघणार. ते आमचं नाही."

झटपटने हे आपल्या भाषेत उतरवून घेतलं. लिफ्टच्या पॅनेलवर मजला कळतो, वजन कळतं, दार उघडं की बंद ते कळतं. आत कोण उभं आहे आणि त्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. हे त्याला अठरा वर्षं माहीत होतं. सर्वज्ञच्या उंच टॉवरपुढे ते विसरायला झालं होतं.

"मग हे काय?" त्याने संदेश पुढे केला. "हँडसेट तर तोच आहे. मित्राचा."

मुलीने पडदा बघितला. "एकोणीस दिवसांपूर्वी, सकाळी अकरा पाच ते बारा चाळीस, हे सिम एका बटणांच्या फोनमध्ये होतं. मग परत याच फोनमध्ये आलं."

"बटणांचा फोन माझ्याकडे नाहीच!"

"मित्राकडे असेल," मुलगी म्हणाली. तिचं स्मित एक सूतही हललं नाही.

झटपटच्या डोक्यात पुन्हा गोंधळ माजला. आपलं सिम दीड तास कुणाच्या बटणांच्या फोनमध्ये राहून आलं? त्याने तिथूनच मेव्हण्याला फोन लावला. पलीकडून आधी स्क्रू सांडल्याचा आवाज आला, मग हसण्याचा.

"अहो दाजी, तो माझा पाहुणा! गिऱ्हाइकाचा फोन खोलला की त्याचं सिम मी त्या जुन्या डबड्यात घालून ठेवतो. कॉल चुकू नये म्हणून. सगळ्यांचंच करतो. तुम्हाला म्हटलं नव्हतं का, कॉल माझ्यावर सोडा?"

झटपटचा जीव भांड्यात पडला. कुणालाही काहीही कळलं नव्हतं. चार दिवस तो एका बटणांच्या डबड्याला घाबरून डब्यात फोन कोंबत होता.

"झालं समाधान?" मुलीने विचारलं.

"झालं म्हणजे काय! तुम्ही फार चांगलं समजावलंत."

"मग शंका नोंदवून बंद करते. नोंद केल्याशिवाय आमचं यंत्र पुढचं टोकन पुकारत नाही." ती टाइप करता करता वाचत होती. "ग्राहक... दालनात... स्वतः येऊन... फोन रूट केल्यास कळते का... अॅप्स दिसतात का... माहिती दिली... ग्राहक समाधानी. पोचपावती नोंदणीकृत पत्त्यावर जाईल."

"जाऊ द्या, जाऊ द्या," झटपट उदारपणे म्हणाला. नोंदणीकृत पत्ता म्हणजे काय, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नाही. एकोणसाठ नंबर पुकारला गेला.

शनिवारी तो दोनला पाच कमी असतानाच घरी पोचला. फोन टेबलावर उघडा ठेवला, साखर स्वतः घातली, बायकोने काही सांगायच्या आधीच हसला.

"उतरला का ताप?" ती म्हणाली.

"कसला ताप? मित्राचं काम होतं, झालं."

"तुमचा हा मित्र एकदा घरी आणा. चौदा वर्षं ऐकतेय. कधी त्याची पाठ दुखते, कधी त्याला उधार हवं असतं."

दोन वाजून पंधरा मिनिटांनी फोन वाजला. हजेरीबाई.

"कुठे आहात?"

"विमा कंपनीत, बाई. लिफ्टच्या खड्ड्यात." बायकोचा कप तोंडापाशी थांबला.

"खड्ड्यातून निघा आणि ऑफिसात या."

हजेरीबाईंच्या टेबलावर दोन कागद होते आणि त्यांवर लाकडी पट्टी. ऑफिसात येणारी प्रत्येक मेल त्या छापून घ्यायच्या. दोन कागद शेजारी ठेवून पट्टी ओळीओळीने खाली सरकवायची, ही त्यांची तीस वर्षांची पद्धत. अॅप आलं तरी पट्टी गेली नव्हती.

झटपटने दारातूनच पोचपावतीवरचं मोबाइल कंपनीचं चिन्ह ओळखलं, आणि सिम कुणाच्या नावावर आहे तेही त्याला त्याच क्षणी आठवलं. त्याने बसायच्या आधीच सुरुवात केली.

"बाई, एक सांगतो, त्यांना आतलं काही दिसत नाही. मी खात्री करून घेतलीय. रूट केला तरी कळत नाही. अॅप्सची यादीसुद्धा..."

"कसला रूट?" बाईंनी विचारलं.

"फोनची कुलपं काढतात ना, ते."

"कुणी काढली कुलपं?"

झटपट थबकला. "तुम्ही त्याबद्दलच बोलावलंत ना?"

"मला त्यातलं ओ का ठो कळत नाही," बाई म्हणाल्या. "मी वाचलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, तुम्हाला चौकस प्रश्न विचारायची हौस असेल." त्यांनी पट्टी सरकवली. "मला एवढंच विचारायचंय. हा कागद म्हणतो, काल दोन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही स्वतः त्यांच्या दालनात, टोकन अठ्ठावन्न. हा हजेरीचा कागद म्हणतो, काल दोन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही विमा कंपनीत, लिफ्ट नंबर तीन. यातला कुठला चुकला?"

झटपट दोन्ही कागदांकडे बघत राहिला. टॉवर नाही, हँडसेट नाही, अॅप नाही. त्याला पकडलं होतं ते त्याच्याच पायांनी चालत जाऊन घेतलेल्या टोकनाने.

"तिथे गेला होता तो एक मित्र," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"स्वतः येऊन असं लिहिलंय."

मग तो बोलला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच मित्राला बाजूला ठेवून बोलला. रात्रपाळी, साडेसात, साडेआठ, दोन कप. वीस-वीस मिनिटांचा हिशेबही सांगितला. हजेरीबाईंनी मध्येच पेन्सिल घेऊन बेरीज तपासली. बरोबर होती.

"एवढं होतं तर मला विचारलं का नाही?"

"तुम्ही हो म्हणाला असता?"

बाईंनी विचार केला. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं असतंत तर कळलं असतं. आता विचारून उपयोग नाही."

नोकरी राहिली, कारण त्याच्या लिफ्ट अडकत नव्हत्या हेही बाईंच्या कागदांत होतं. मुकादमी गेली. सात नंबरचा फोन बाईंनी तिथेच ठेवून घेतला आणि दुसरा, न उघडलेला, दिला.

त्या संध्याकाळी बायको आठला निघाली नाही, हॉस्पिटलला तासभर उशिरा येते म्हणून कळवून त्याची वाट बघत बसली. कुठला खड्डा आणि कुठली विमा कंपनी, हे तिला ऐकायचं होतं. त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे ऑफिसने सुट्टी वाढवलीच नव्हती?"

"नाही."

"आणि जेवायची अर्धा तास सुट्टी असते, ती इमारतीतच घ्यायची?"

"हो."

"मग मला यायला कुणाची बंदी होती?"

 अडीच महिने, एक रूट केलेला फोन, एक मेव्हणा, एक सर्वज्ञ, एक दालन, इतकं फिरून आल्यावर हा प्रश्न समोर आला होता. तो त्याला आधी का सुचला नाही, हे त्याला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही.

"तुझी झोप मोडली असती," तो शेवटी म्हणाला.

"मोडली असती तर माझी मोडली असती. ती मला विचारायची की मित्राला?"

आता ती रोज येते. बस पकडून, थर्मास घेऊन, जिथली लिफ्ट असेल तिथे. दोघं मोटारखोलीबाहेर हत्यारांच्या पेट्यांवर बसतात. मध्येच झटपट उठून लिफ्टच्या पाटीचा फोटो काढतो, कारण हजेरीबाईंनी नवा नियम केलाय, दर अर्ध्या तासाला पाटीचा फोटो. फोटोच्या कडेला कधीकधी स्टीलचा कप येतो. हजेरीबाई तो बघतात, पण त्यांच्या तक्त्यात कपाला रकाना नाही. फोन गप्प पडलेला असतो, तरी घरचं काही बोलायचं झालं की झटपट आवाज खाली आणतो. दालनातल्या मुलीवर त्याचा विश्वास आहे. पण टॉवर एवढे उंच का, हे तिने कुठे सांगितलं?

आता हिशेब. मिळाल्या त्या बारा दुपारी, म्हणजे आठ तास. मोबाइल कंपनीकडे ग्राहक समाधानी अशी नोंद आहे, तिचं काही गेलं नाही. मेव्हण्याचं नाव कुठेच आलं नाही. मुकादमी सर्वज्ञला मिळाली. दर अर्ध्या तासाचा फोटो दहाही मिस्त्रींना काढावा लागतो, त्यातल्या आठजणांना तो कशापायी हेही माहीत नाही. आणि दीडला उठणारी बायको आता पाऊण वाजता उठते. रोजची पंचेचाळीस मिनिटं झोप. ती तिने भरली, आणि अजून भरते आहे.